मुतखड्यासाठी तिसऱ्यांदा सीटी स्कॅन सांगितलाय. कमी रेडिएशनचा करून मिळतो का? (सोलापूर)

सिद्धेश्वरपेठकर · रविवार, रात्री १०:१२

मंडळी, धागा धाकट्या भावासाठी काढतोय. वय २६, वजन ५८ किलो, यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसपाळी करतो.

मार्चमध्ये रात्री दोन वाजता डाव्या कुशीतून कळ आली. फरशीवर गडाबडा लोळत होता, आईला वाटलं विंचू चावला. रिक्षात घालून नेला, इंजेक्शन दिलं, सकाळी सीटी झाला. डाव्या मूत्रनलिकेत वरच्या बाजूला ६ मिमीचा खडा. गोळ्या दिल्या, पाणी प्या म्हणाले, घरी आलो. जुलैत पुन्हा तेच. तेव्हा मार्चची सीडी बार्शीला मामाकडं पडलेली. मामालाही खडा आहे, त्याच्या डॉक्टरांना "असा असतो बघा खडा" म्हणून दाखवायला नेली होती, ही आमच्याच घरची हुशारी. मग दुसरे डॉक्टर, दुसरं सेंटर, पुन्हा सीटी. खडा खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला. दुर्बिणीनं लेझर केलं, नळी टाकली, पंधरा दिवसांनी काढली.

आता गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) तोंडावर आला आणि याचं उजवीकडं सुरू झालंय. कळ तशी नाही, पण दोन दिवस ठणकतंय. चिठ्ठीवर पुन्हा "सीटी केयूबी", म्हणजे किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा सीटी. भावाचं लग्न ठरलंय आणि कुणीतरी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलंय की एक सीटी म्हणजे ५०० एक्सरे, मुलं होत नाहीत. तो म्हणतोय मी जातच नाही.

५०० चं खरं आहे का? नुसत्या सोनोग्राफीवर भागेल का? आणि कमी रेडिएशनचा सीटी म्हणून काही असतं असं ऐकलंय, ते आपल्या सोलापुरात होतं की पुण्याला पळायचं?

---

शेंगाचटणी · रविवार, रात्री १०:३१

हुलग्याचं माडगं द्या की ओ. सकाळ-संध्याकाळ एक वाटी. आमच्या सासऱ्यांचा खडा आठ दिवसांत पडला, स्कॅन नाही की बिन नाही. पानफुटीचं एक पानही द्या, उपाशीपोटी.

---

टॉवेलवाला · रविवार, रात्री १०:४४

काही होत नाही बे. माझे चार सीटी झालेत, दोन पोरं आहेत, एक तर चौथ्या सीटीनंतरचं आहे. व्हॉट्सॲप बंद करा आधी.

---

गॅन्ट्री · रविवार, रात्री ११:२०

सोलापुरातच एका सेंटरवर सीटी टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. सेंटरचं नाव विचारू नका.

पुण्याला जायची अजिबात गरज नाही. लो डोस ही वेगळी मशीन नसते. आहे त्याच मशीनवर सेटिंग बदलून स्कॅन घ्यायचा. गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक मशीनमध्ये ते प्रोटोकॉल म्हणून भरूनच ठेवलेलं असतं, नुसतं निवडायचं. पण चिठ्ठीवर "सीटी केयूबी" एवढंच आलं, बाहेर बाकड्यावर बारा पेशंट, त्यातला एक ओकतोय, अशा वेळी रोजचाच प्रोटोकॉल लागतो. कुणी मागत नाही म्हणून लागत नाही, एवढंच कारण.

आता मशीन काय करतं ते सांगतो. ट्यूबमधून जितका करंट जास्त तितके किरण जास्त आणि फोटो तितका गुळगुळीत. किरण कमी केले की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. रेडिएशन चौपट कमी केलं तर दाणे दुप्पट वाढतात, हा हिशेब पक्का आहे. यकृतात बारीक गाठ शोधायची असेल तर हे दाणे घात करतात, कारण तिथं राखाडीत राखाडी शोधायचं असतं. खडा म्हणजे काळ्या पाटीवर खडूचा ठिपका. पाटीवर धूळ बसली म्हणून खडू दिसायचा राहतो का? म्हणून खड्याला कमी किरणांत भागतं. शिवाय नव्या मशीनमधलं सॉफ्टवेअर ते दाणे बरेच साफ करून देतं.

दुसरी गोष्ट स्कॅनच्या लांबीची. खड्यासाठी किडनीच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या खालपर्यंत घेतलं की बास. घाईत वर फुप्फुसापासून खाली मांडीपर्यंत ओढलेले स्कॅन मी पाहिलेत. तेवढा डोस फुकट.

आणि भावाला सांगा, करदोडा काढून या. चांदीचा करदोडा कंबरेला असला की फोटोत सगळीकडं पांढऱ्या रेघा उठतात, नेमक्या तिथंच जिथं खालचा खडा शोधायचा असतो, मग स्कॅन पुन्हा घ्यायची वेळ येते. तरणी पोरं काढतात. म्हातारे मात्र "आईनं बांधलाय" म्हणून अडून बसतात, तेव्हा त्यांच्या बायकोला आत बोलवावं लागतं.

---

सिद्धेश्वरपेठकर · रविवार, रात्री ११:३४

करदोडा आहेच त्याच्या कंबरेला! मागच्या दोन्ही वेळेला काढला होता का, त्याला आठवत नाही म्हणे.

गॅन्ट्रीभाऊ, आधीच्या दोन स्कॅनमध्ये किती रेडिएशन गेलं हे आता कळेल का?

---

गॅन्ट्री · रविवार, रात्री ११:५२

कळेल की. सीडी कॉम्प्युटरला लावा. बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी एक पान असतं, फोटो नसतो, नुसते आकडे असतात. त्यात "डीएलपी" शोधा, म्हणजे त्या अख्ख्या स्कॅनमध्ये मशीननं दिलेल्या किरणांचा आकडा. पोट आणि ओटीपोटासाठी त्या आकड्याला ०.०१५ नं गुणलं की अंदाजे मिलिसीव्हर्ट येतात, म्हणजे शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप. अंदाजेच हं, माणूस जाड की बारीक यावर फरक पडतो. बऱ्याच सेंटरवर फिल्मच्या पाकिटात हे पान टाकत नाहीत, सीडीत मात्र सापडतं.

आमच्या छातीला बॅज लावलेला असतो, ठरावीक महिन्यांनी तपासायला जातो. आम्हा कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही, अणुऊर्जा नियामक परिषदेचा नियम. पेशंटला बॅज नसतो. त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

---

मूत्रमार्गस्थ · सोमवार, सकाळी ७:०५

युरॉलॉजिस्ट आहे, सोलापूरचाच, सध्या बाहेरगावी. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळं हे सर्वसाधारण समजा.

गॅन्ट्री यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर. ती मर्यादा कामगारांसाठी आहे, रुग्णांना लागू होत नाही. रुग्णाच्या बाबतीत विचारायचं एवढंच की या तपासणीनं उपचार बदलणार आहे का. बदलणार असेल तर करावी आणि कमीत कमी किरणांत करावी.

५०० एक्सरेचं गणित खोटं नाही, फसवं आहे. छातीचा एक एक्सरे ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास, नेहमीचा खड्याचा सीटी १० च्या आसपास. भागाकार केला की ५०० येतात. पण छातीच्या एक्सरेचा डोसच इतका नगण्य आहे की त्याच्या मापानं काहीही मोजलं तरी डोंगर दिसेल. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला दर वर्षी आपोआप जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे नेहमीचा सीटी हा चार वर्षांच्या त्या खुराकाएवढा. लो डोस म्हणजे ४ च्या खाली, बारीक माणसात चांगलं सेटिंग असेल तर २-३, म्हणजे साधारण एका वर्षाएवढा.

धोका किती? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालाचा अंदाज असा की १० मिलिसीव्हर्टनं हजारात एकाला पुढं आयुष्यात कधीतरी त्यामुळं कर्करोग होऊ शकतो. हा हिशेब मोठ्या डोसवरून खाली ओढून काढलेला आहे, इतक्या कमी डोसला तो तंतोतंत लागू पडतो की नाही यावर वाद आहेत. एका वेळेला हे काहीच नाही. पण खडा पुन्हा पुन्हा होणारा आजार आहे, निम्म्या लोकांना दहा वर्षांत परत होतो. २६ व्या वर्षी तीन झाले तर पन्नाशीपर्यंत किती होतील, प्रश्न तिथं आहे. मूल न होण्याची भीती मात्र त्याच्या डोक्यातून काढा. त्याला लागतात त्यापेक्षा हे डोस फार खालचे आहेत.

सोनोग्राफीबद्दल. किडनीतला खडा आणि किडनीची सूज ती बरी दाखवते, भरलेलं मूत्राशय असेल तर अगदी खालच्या टोकाचा खडाही दिसतो. मधली मूत्रनलिका आतड्यातल्या वायूमागं लपते. मूत्रनलिकेतले खडे पकडण्यात सोनोग्राफीची संवेदनशीलता ४५ टक्क्यांच्या आसपासच धरली जाते, म्हणजे शंभर खड्यांतले ४५ सापडतात. तरीही सुरुवात तिनं करण्यात तोटा नाही. अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांत २७५९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. ज्यांची आधी सोनोग्राफी केली त्यांच्यापैकी काहींना नंतर सीटी लागलाच, पण एकूण रेडिएशन कमी गेलं आणि गंभीर आजार नजरेतून सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही.

---

निवृत्तमास्तर · सोमवार, सकाळी ८:१९

डॉक्टरसाहेब, लो डोसमध्ये खडा निसटत असेल तर काय उपयोग? स्वस्तातलं धोतर दोनदा घ्यावं लागतं.

---

मूत्रमार्गस्थ · सोमवार, सकाळी ८:४०

मास्तर, शंका रास्त आहे. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३० च्या खाली असेल तर ३ मिमीच्या वरचे मूत्रनलिकेतले खडे लो डोसवर १०० टक्के सापडले आणि ३ मिमीच्या खालचे ८६ टक्के, असा एक अभ्यास आहे, युरोपियन मार्गदर्शक सूचनांतही तो येतो. जे निसटतात ते बहुधा आपोआप पडणारेच असतात. ५ मिमीच्या खालच्या खड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश स्वतःहून पडतात.

पण धोतर कुठं आखूड पडतं तेही सांगतो. ११० किलोच्या माणसाला लो डोस देऊ नये, दाण्यांतच सगळं बुडतं. साठीच्या पुढचा माणूस, पहिल्यांदाच अशी कळ आली आणि खडाच आहे याची खात्री नाही, तर पोटातली महारोहिणी फुगलेली असू शकते, तिथं पूर्ण स्कॅन हवा. अपेंडिक्सचा संशय असेल तरी विचार करून ठरवावं लागतं. आणि थंडी वाजून ताप आलाय, लघवी अडलीय किंवा किडनीच एक आहे, तर कृपा करून डोसची चर्चा करत बसू नका, मिळेल ते करा. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले तर माणूस एका दिवसात हाताबाहेर जातो.

---

शेंगाचटणी · सोमवार, सकाळी ९:०२

आणि माडगं? त्यावर कुणी बोललंच नाही.

---

मूत्रमार्गस्थ · सोमवार, सकाळी ९:२०

प्या की ताई, मीही पितो, वरून लसणाची फोडणी असेल तर दोन वाट्या. पातळ आहे, पोटात पाणी जातं. पण नेहमीचा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा माडग्यानं विरघळत नाही, आमच्या कुठल्या औषधानंही विरघळत नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा, लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधानं. गंमत अशी की तो साध्या एक्सरेत दिसतच नाही, सीटीत दिसतो. सीटीवर खड्याची घनताही मोजता येते, हाऊन्सफील्ड युनिटमध्ये. युरिक ॲसिडचा बहुधा पाचशेच्या खाली, कॅल्शियमचा हजाराच्या पुढंही जातो. हजाराच्या वर असला की बाहेरून लहरी मारून फोडणं अवघड, तिथं लेझर बरं. तुमच्या सासऱ्यांचा आठ दिवसांत पडला तो बहुतेक बारीक होता, माडग्याला फुकट श्रेय गेलं.

---

जुई_होटगीरोड · सोमवार, दुपारी १:४७

जरा अवांतर. मला पाचव्या महिन्यात खड्याचा त्रास झाला होता. तेव्हा फक्त सोनोग्राफीवरच भागवलं, सीटीचं नावही काढलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात किडनीला थोडी सूज तशीही असते, त्यामुळं सूज दिसली म्हणून लगेच खडा म्हणायचं नाही. नाहीच कळलं तर एमआरआय आणि लो डोस सीटी अगदी शेवटी. एमआरआयमध्ये खडा स्वतः दिसत नाही म्हणे, अडलेली जागा दिसते. नशिबानं तिथवर गेलं नाही. बाळ आता तीन वर्षांचं आहे आणि आम्हाला दोघांनाही पाणी प्यायचा कंटाळा आहे.

सिद्धेश्वरपेठकर, एक विचारू? कारखान्यात तो पाणी कधी पितो?

---

सिद्धेश्वरपेठकर · सोमवार, रात्री ९:१५

जुईताई, बरोबर नस पकडलीत. माग चालू असताना धागा तुटला की लगेच जोडावा लागतो, म्हणून पाणी कमी पितो, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. मे महिन्यात शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहून दुपारी एक बाटली. घरी चार-पाच दिवसांआड नळ येतो तेव्हा आई सगळी भांडी भरून ठेवते, पण हा पितो चहाच.

दुसरं, बार्शीहून सीडी आली. दोन्ही लावून बघितल्या. शेवटचं पान सापडलं! मार्चचा डीएलपी ७१२, जुलैचा ६५५. ०.०१५ नं गुणलं तर १०.७ आणि ९.८. म्हणजे चार महिन्यांत साडेवीस. ५८ किलोच्या पोराला.

---

गॅन्ट्री · सोमवार, रात्री ९:५८

५८ किलोला ७०० म्हणजे सेटिंग रोजचंच होतं. त्या सेंटरनं नियम मोडला असं नाही, पण निम्म्याहून कमीत सहज झालं असतं.

सीडी लावलीच आहे तर आणखी एक बघा. स्कॅनच्या सुरुवातीला एक लांबलचक एक्सरेसारखा फोटो असतो, आम्ही त्याला स्काउट म्हणतो. खडा त्यात दिसत असेल तर साध्या पोटाच्या एक्सरेतही दिसतो, मग पुढं तो सरकला का ते बघायला सीटी लागत नाही, एक्सरेत काम होतं. एक्सरेचा डोस एका मिलिसीव्हर्टच्याही खाली. मार्चला हे कुणी बघितलं असतं तर जुलैचं निम्मं काम एक्सरेनं केलं असतं.

---

टॉवेलवाला · सोमवार, रात्री १०:१०

मी पण माझ्या सीड्या काढतोय कपाटातून. बायको विचारतेय लग्नाची सीडी शोधताय का.

---

सिद्धेश्वरपेठकर · गुरुवार, संध्याकाळी ६:३०

अपडेट.

डॉक्टरांकडं दोन्ही सीड्या घेऊन गेलो. "लो डोस करता येईल का" असं विचारायला जीभ अडत होती, त्यांना वाटेल हा शहाणा आला. पण ते म्हणाले, "ताप नाही, आधी सोनोग्राफी करू." त्यात उजव्या किडनीला थोडी सूज, खडा काही दिसेना. मग त्यांनी स्वतःच चिठ्ठीवर "लो डोस, प्लेन" (प्लेन म्हणजे शिरेतून औषध न टोचता) असं लिहून दिलं. एवढंच होतं. दोन शब्द.

सेंटरवर टेक्निशियन बाई होत्या. खडा मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी दिसत होता, ४ मिमी. आत पडलाय की अजून नळीतच आहे ते कळेना म्हणून त्यांनी भावाला पालथं झोपवून फक्त तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन पुन्हा घेतला. म्हणाल्या, मूत्राशयात पडला असता तर पालथं झाल्यावर पुढं घरंगळला असता. जागेवरच राहिला, म्हणजे नळीतच अडकलाय. दोन्ही मिळून डीएलपी १९०. म्हणजे २.८५. पैसे नेहमीच्या सीटीएवढेच घेतले.

औषधं दिलीत, दोन आठवडे वाट बघायची. लघवी गाळून बघा म्हणाले.

---

निवृत्तमास्तर · गुरुवार, संध्याकाळी ७:०१

१०.७ वरून २.८५. चौपटीच्या जवळ. धोतराबद्दलचं माझं विधान मागं घेतो.

---

जुई_होटगीरोड · गुरुवार, रात्री ८:१२

गाळायला काय वापरताय?

---

सिद्धेश्वरपेठकर · शनिवार, सकाळी ११:२५ (नऊ दिवसांनी)

आज पहाटे पडला. टिक असा आवाज आला म्हणे. तिळाएवढा, तपकिरी, काट्याकाट्यांचा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवलाय, सोमवारी तपासणीला देणार.

जुईताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्यानं न विचारता चहाची गाळणी वापरली. आईला आत्ता कळलं. नऊ दिवस आम्ही सगळे त्याच गाळणीनं चहा पितोय की त्यानं दुसरी आणली होती, यावर घरात सकाळपासून सुनावणी चालू आहे.

---

शेंगाचटणी · शनिवार, सकाळी ११:४०

अगं बाई. माडगं देत होतात का मधे?

---

सिद्धेश्वरपेठकर · शनिवार, सकाळी ११:४३

देत होतो ताई. आईनं ऐकलंच नाही.

---

गॅन्ट्री · शनिवार, दुपारी १२:१५

अभिनंदन. करदोडा काढला होता का?

---

सिद्धेश्वरपेठकर · शनिवार, दुपारी १२:२०

काढला होता. सेंटरच्या ट्रेमध्येच विसरून आला. आज दुपारी आणायला चाललोय.